पोर घरासकट शाळेत येतं

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतली माझी नोकरी १९८५ साली पेठ तालुक्यात सुरू झाली. मधली बरीच वर्षं दिंडोरीत गेली आणि निवृत्त झाले ती निफाड तालुक्यातल्या शाळेतून. नाशिक जिल्ह्याच्या नकाशावर ही वाट पश्चिमेच्या डोंगरातून पूर्वेच्या बागायतीकडे उतरते. दिवाळी सरली की पेठ-सुरगाण्याची माणसं बायकापोरांसह याच वाटेने द्राक्षबागांच्या कामाला खाली येतात. नोकरीच्या सुरुवातीला ज्यांना मी डोंगरात शिकवलं, त्यांचीच पोरं शेवटच्या वर्षांत मला बागेच्या बांधावर भेटली. वाटेच्या दोन्ही टोकांना उभं राहायची संधी फार शिक्षकांना मिळत नाही. म्हणून तिथून जे दिसलं ते लिहून ठेवते आहे. नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींनी वाचावं आणि पटेल ते घ्यावं.

सगळ्या मुद्द्यांच्या तळाशी गोष्ट एकच आहे. पोर एकटं शाळेत येत नाही, ते घरासकट येतं. शिक्षकाचंही तसंच.

१. गैरहजेरीचा शेरा मारण्याआधी घर बघून यावं

पेठला पाऊस लागला की महिनोन्‌महिने हटत नाही. त्याच दिवसांत भाताची आवणी आणि नागलीची लावणी असते. पट भरलेला आणि वर्ग अर्धा रिकामा, असं ऑगस्टपर्यंत चालायचं. तिसरीतली एक मुलगी येईनाशी झाली म्हणून शाळा सुटल्यावर मी तिच्या पाड्यावर गेले. कुडाचं घर, चुलीवर भाताचं पातेलं, कडेवर सहा-सात महिन्यांचा भाऊ आणि घरात मोठं माणूस कुणी नाही. आईबाप खाचरात होते. मला बघताच तिने काय करावं? कोनाड्यातून पाटी काढून माझ्यासमोर धरली. पाटीवर तीनचा पाढा होता. शाळेतल्या शेवटच्या दिवशी लिहिलेला तो पाढा पुसला जाऊ नये म्हणून इतके दिवस तिने पाटीला कुणाला हात लावू दिला नव्हता.

दिवेलागणीला आई आली. चिखलाने भरलेले पाय धूत धूत म्हणाली, "बाई, हिला धाडायला माझी ना नाही. पण याला कुणाच्या हवाली करू?"

प्रश्न शिक्षणाच्या आवडीचा नव्हता, बाळ कुठे ठेवायचं याचा होता. मी म्हटलं, त्यालाही धाडा. मुख्याध्यापक गुरुजींनी व्हरांड्याच्या वाशाला झोळी बांधू दिली. आठवड्याभरात शेजारी दुसरी झोळी आली, मग तिसरी. तपासणीला आलेल्या साहेबांनी भुवया उंचावल्या तेव्हा गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी हजेरीपट उघडून पुढे ठेवला.

ही कल्पना माझी नव्हे. डी.एड.च्या काळात अनुताई वाघांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' हाती आलं होतं. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य, अशी या बाईंच्या आयुष्याची सुरुवात. व्हर्नाक्युलर फायनलला त्या आपल्या नाशिक जिल्ह्यात पहिल्या आल्या आणि शिक्षिकेची पहिली नोकरीही त्यांनी याच जिल्ह्यात केली. पुढे पुण्याची हुजूरपागा, १९४५ साली ताराबाई मोडकांबरोबर बोर्डी आणि १९५७ पासून कोसबाड. वारल्यांची मुलं शाळेत का येत नाहीत याचा शोध या दोघींनी मुलांच्या घरी जाऊन घेतला. मोठी बहीण धाकट्याला सांभाळते, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. मुलगा गुरं राखतो, म्हणून शिक्षकच कुरणात गेला आणि तिथे कुरणशाळा भरली. ताराबाई आणि अनुताईंनी मुलांना दोष दिला नाही, शाळा हलवली. माझ्या व्हरांड्यातली झोळी ही त्या मोठ्या कामाची लहानशी नक्कल होती. आजही मला विचाराल तर प्राथमिक शिक्षणावरचं याहून शहाणं काम महाराष्ट्रात दुसरं झालेलं नाही.

२. मुलाची बोली आधी आपण शिकावी

पेठ-सुरगाण्यात कोकणा, महादेव कोळी, वारली समाजाची वस्ती आहे. पहिलीत आलेलं मूल घरची बोली बोलतं. पुस्तकातली मराठी त्याला पाहुण्यासारखी असते. बाईला आपलं बोलणं कळत नाही असं एकदा त्याच्या लक्षात आलं की ते गप्प होतं, आणि मग वर्षभर गप्पच राहतं. अशा मुलाला मंद ठरवणारे शेरे मी जुन्या रजिस्टरांत वाचले आहेत आणि ते वाचून मला संताप आला आहे.

मी पहिल्या पावसाळ्यात मुलांकडून शब्द गोळा केले. शेतातले, चुलीजवळचे, झाडापाखरांचे. पाड्यावरच्या एका आजींना शनिवारी शाळेत बोलवायला लागले. त्या कणसरी या धान्यदेवीची गोष्ट सांगायच्या, डोंगरदेवाच्या उत्सवाचं सांगायच्या. बोहाड्याची सोंगं निघायच्या दिवसांत तर वर्गात दुसरा विषय नसायचा. तीच गोष्ट मुलं मग पाटीवर चितारायची, तिच्यातली नावं लिहायची. पुस्तकातला धडा त्यानंतर आला, आणि तोवर मुलांची जीभ सुटलेली होती.

३. दुसरी संपेपर्यंत वाचता आलं पाहिजे

यात सवलत नाही. गाणी घ्या, खेळ घ्या, भिंती रंगवा, पण दुसरीच्या अखेरीस मुलाने समोरचा परिच्छेद समजून वाचला पाहिजे. पाचवीत गेलेल्या पुष्कळ मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, हे 'प्रथम' संस्थेचे 'असर' अहवाल २००५ पासून सांगत आले आहेत. ते वाचून रागावणारे शिक्षक मला भेटले. त्यांना मी एवढंच म्हणायची, आपल्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला उद्या सकाळी एकेकटं जवळ बसवा आणि वाचून घ्या. वर्गाने सुरात म्हटलेला धडा म्हणजे वाचन नव्हे. मागच्या बाकावरचं पोर त्या सुरात लपून चौथीपर्यंत पोहोचतं.

४. आपल्या घराला आपली शाळा दाखवावी

आमचं घर पंचवटीत. हे नाशिकरोडला प्रेसमध्ये, कधी पहिल्या पाळीला तर कधी दुसऱ्या. घरात सासू-सासरे आणि पुढे दोन मुलं. पेठ पन्नासेक किलोमीटर, मध्ये सावळ घाट. पावसात दरड आली की एस.टी. बंद. म्हणून सोमवार ते शनिवार मी तिकडेच खोली घेऊन राहायची आणि शनिवारी दुपारच्या गाडीने घरी यायची. नव्या सुनेचं हे असं राहणं १९८५ साली सहज पचण्यासारखं नव्हतं. नातेवाईक सासूबाईंना विचारायचे आणि सासूबाई मला विचारायच्या.

एका दिवाळीनंतर मी त्यांनाच बरोबर नेलं. "आठ दिवस राहा, मग सांगा नोकरी सोडू का." त्या राहिल्या. सकाळी पाड्यावरच्या बायका पाणी भरताना भेटायच्या. अंगात सदरा नाही अशी पोरं थंडीत कुडकुडत पहिल्या तासाला येऊन बसायची, ते त्यांनी पाहिलं. घरी परतल्या त्या दिवसापासून तिकडे राहण्याबद्दल त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. जुनी लुगडी जमवून त्या गोधड्या शिवायला बसल्या आणि माझ्याबरोबर धाडू लागल्या. गल्लीतल्या बायकांकडूनही कपडे मागून आणायच्या, तेही "आमच्या शाळेला हवेत" असं म्हणून.

त्यांना स्वतःला अक्षरओळख नव्हती. नात पहिलीत गेली तेव्हा तिच्याच पुस्तकावरून आजी-नात एकत्र शिकल्या. नाशिकच्या सीबीएस स्टँडवर मला सोडायला आल्या असताना एकदा त्यांनी गाडीची पाटी बोट लावून वाचली. 'पेठ'. मग मोठ्यांदा म्हणाल्या, "अगं, ही बघ तुझी गाडी. मी वाचली." त्या दिवशी मला घाट चढताना सारखं रडू येत होतं. ते आनंदाचं होतं.

ह्यांच्याबद्दल एकच सांगते. मुलांचे डबे, आजारपणं, पालकसभा यांतला मोठा वाटा त्यांनी उचलला आणि त्याचा उल्लेख कधी केला नाही. शिक्षिकेच्या सत्कारात शाल तिच्या खांद्यावर पडते. तिच्यामागच्या घराचं नाव कुणी घेत नाही. म्हणून मी इथे घेते आहे.

मुलांच्या शाळेवरून मात्र नातेवाइकांशी बरेच खटके उडाले. पुढे दिंडोरीला बदली झाल्यावर मी मुलीला माझ्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं. बाईची मुलगी आणि मराठी शाळेत, असं पुष्कळांनी तोंडावर म्हटलं. माझं मत ठाम होतं आणि आजही आहे. मी जिथे शिकवते ती शाळा माझ्या मुलीला चालत नसेल, तर दुसऱ्याच्या मुलीला ती चालेल असं म्हणण्याचा मला हक्क नाही. ती वर्गात मला बाई म्हणायची आणि घरी आई. शेजारी बसणाऱ्या मजुराच्या मुलीची वही तिला घरच्या वहीइतकीच ओळखीची होती. त्या शिक्षणाची फी कुठल्याच शाळेत भरता येत नाही.

५. पोटाची सोय आधी, पाढे नंतर

शासकीय योजनांवर टीका करणं सोपं आहे. मी त्यांतल्या काहींचा परिणाम डोळ्यांनी पाहिला आहे. १९९२ पासून दुर्बल घटकांतल्या मुलींना पहिली ते चौथीत हजेरीच्या दिवसाला एक रुपया भत्ता मिळू लागला. शहरातल्या माणसाला एक रुपया म्हणजे काहीच नाही. पण पाड्यावर वर्षाअखेरीस मुलीच्या हातात ते पैसे पडले की घरात तिच्या शाळेची नोंद घेतली जायची. १९९५ साली पोषण आहार आला तेव्हा ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. पुढे शाळेतच शिजवलेलं अन्न द्यायला सुरुवात झाली आणि चित्रच पालटलं. सकाळी चहावर आलेलं पोर दुपारी खिचडी खाऊन जागं व्हायचं. दुपारनंतरच्या तासांना मुलं पेंगतात ही तक्रार आमच्या शाळेत जवळपास मिटली.

आणखी एक गोष्ट नव्या शिक्षकांनी ध्यानात घ्यावी. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसून, एकाच बाईच्या हातचं जेवतात. ज्या जिल्ह्यात दलितांना काळाराम मंदिरात पाऊल ठेवता यावं म्हणून १९३० साली सत्याग्रह करावा लागला, त्या जिल्ह्यात या पंगतीचं मोल मी काय सांगावं! कुणाच्या घरून "आमच्या पोराला डबा देतो" असा निरोप आला, तर त्यामागे काय आहे ते नीट बघा. मी अशा घरी गेले आहे, ओसरीवर बसले आहे आणि गोडीने पण स्पष्ट बोलले आहे. पंगत मोडू दिली नाही.

६. अशैक्षणिक काम जाच आहेच, पण दाराशी जाऊ देतं

निवडणूक, पोलिओ, सर्वेक्षण, जनगणना. या कामांनी वर्ग उघडा पडतो हे खरंच, आणि त्याविरुद्ध शिक्षक संघटना बोलतात ते योग्यच आहे. तरी जनगणनेच्या कामात मी गावातल्या एकूण एक उंबऱ्यावर उभी राहिले. एरवी जिथे मला कुणी बोलावलं नसतं त्या घरांतही गेले. पटावर नाव नसलेली मुलं मला तिथेच सापडली. त्यात एक अपंग मुलगा होता. शाळेत नेता येईल असं त्याच्या घरच्यांना वाटलंच नव्हतं.

७. गावाला शाळेचा कारभार सांगावा, नुसती वर्गणी मागू नये

नाशिक हे लोकांनी शाळा उभ्या केलेलं गाव आहे. सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. बहुजनांच्या मुलांनी शिकावं म्हणून मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ साली उभा राहिला. खेड्यातून आलेल्या पोरांना राहायला जागा हवी हे ओळखून आधी वसतिगृहाचं बघितलं गेलं. गंगापूर रोडचं उदाजी महाराज बोर्डिंग त्याची साक्ष आहे. रावसाहेब थोरात, भाऊसाहेब हिरे, काकासाहेब वाघ यांच्यासारखी माणसं गावोगाव फिरली. गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ ची आणि तिचं हं. प्रा. ठा. महाविद्यालय १९२४ चं. डोंगरी भागात दादासाहेब बिडकरांनी डांग सेवा मंडळाचं काम उभारलं. या सगळ्यांनी लोकांकडून पैसा घेतला तसा लोकांना शब्दही दिला. शाळा आपली आहे असं गावाला वाटलं, म्हणून ती टिकली.

२०१० साली शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक व निम्म्या महिला असणं बंधनकारक झालं. कागदावर हे होऊन जातं. आमच्याकडेही आयांच्या सह्या घरी वही पाठवून घ्यायची रीत होती. मी सभेची वेळ बदलली. सकाळी अकराला शेतमजूर बाई येणार कशी? रात्री आठला, जेवणं आटोपल्यावर, मारुतीच्या पारावर सभा घेतली.

त्या वर्षी गावकऱ्यांनी थोडी रक्कम जमवली होती. पुरुषमंडळींच्या मनात शाळेला कमान बांधायची होती. नाव कोरलेली, रस्त्यावरून दिसणारी. चर्चा कमानीच्या रंगावर आली तेव्हा मागे बसलेली एक आई उभी राहिली. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. म्हणाली, "पोरींच्या संडासाला आतून कडी नाही. माझी सहावीतली दिवसभर पाणी पीत नाही." एवढं बोलून ती खाली बसली. पारावर कुणी काही बोलेना. मग सरपंचच म्हणाले, कमान पुढच्या वर्षी बघू. त्या पैशांत कड्या बसल्या, दारं दुरुस्त झाली, पाण्याची टाकी आली. कमान अजून झालेली नाही आणि त्यावाचून काही अडलेलं नाही.

शाळेचा हिशोब मी दर तिमाहीला फळ्यावर लिहून ठेवायची, खडूच्या खर्चासकट. ज्या गावाला हिशोब दिसतो ते गाव शाळेला तोडत नाही.

८. आपणही कुठेतरी विद्यार्थी असावं

अनुताईंनी नोकरी सांभाळून रात्रशाळेतून मॅट्रिक केलं आणि पदवी घेतली ती वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. आमच्या पिढीच्या डी.एड. शिक्षकांना यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने हा रस्ता खुला केला. १९८९ साली ते नाशिकलाच सुरू झालं. मुलं झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली अभ्यास करून मी त्याची बी.ए. झाले. परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो म्हणजे काय, हे मला पुन्हा कळलं आणि त्यानंतर परीक्षेच्या दिवशी मुलांवर आवाज चढवणं मला जमलंच नाही.

९. बागेतलं पोर कुणाचं?

हा मुद्दा मला सर्वांत जवळचा, म्हणून जरा लांबेल.

सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी होते. तिथून पुढे काम थांबत नाही. काड्यांना पेस्ट लावायची, फेलफूट काढायची, शेंडे मारायचे, घड औषधात बुडवायचे, विरळणी करायची, मग काढणी. ती मार्च-एप्रिलपर्यंत चालते. एप्रिलात पुन्हा खरड छाटणी. शेजारी कांद्याची लागवड आणि काढणी असतेच. एवढी माणसं निफाड-दिंडोरीत कुठून येणार? ती डोंगरातून येतात. भाताची कापणी झाली की टोळ्या उतरतात, बागेच्या कडेला पाल टाकतात आणि शिमग्याला घरी परततात. त्या चार महिन्यांत पोराचं नाव पेठच्या पटावर असतं आणि पोर पिंपळगाव बसवंतच्या आसपास कुठेतरी असतं. तिकडच्या शाळेत गैरहजर, इकडच्या शाळेला ठाऊकच नाही. दोन्हीकडचे कागद बिनचूक आणि मधल्या मधे मूल नाहीसं.

पेठला असताना दिवाळीनंतर रिकामे होणारे बाक मी वर्षानुवर्षं पाहिले. म्हणून निफाडला बदली झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी शाळा सुटल्यावर बागांच्या कडेने फिरू लागले. एका पालाशी बसलेल्या माणसाने माझ्याकडे दोनदा पाहिलं, मग उठून आला. "बाई, वळखलं का? पेठला तुमच्याकडं दुसरीला होतो." चेहरा ओळखू आला नाही, पण गावाचं आणि बापाचं नाव सांगितल्यावर बसायची जागासुद्धा आठवली. त्याचा मुलगा शेजारी उभा होता, नऊ वर्षांचा. त्या माणसाने पालात जाऊन बोचकं सोडलं. वरती तांदूळ, नागलीचं पीठ, तवा, आणि तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली मुलाची वही आणि पुस्तक. "आणलंय संगं. पण हितं कुणाला इचारायचं, ते म्हाईत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी बागाईतदाराकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, माझी ना नाही, पण शाळा दोन किलोमीटर, मधे हायवे. जबाबदारी कोण घेणार?" रास्त प्रश्न होता. तोडगा त्यांनीच काढला. त्यांची स्वतःची नात सकाळी गाडीतून शाळेत जायची, त्याच गाडीत टोळीतली मुलंही बसू लागली. शेजारच्या बागाईतदाराने ते पाहिलं आणि त्यानेही तेच केलं.

वर्गात सुरुवातीला गावातली मुलं या मुलांच्या बोलण्याला हसायची. मी गणिताचा तास बागेत नेला. एका वेलीला काड्या किती, एका काडीवर घड किती ठेवायचे, मग ओळीत किती झाले? ज्यांच्या बागा होत्या त्यांच्या मुलांना हे सांगता येईना. पेठच्या या पोराने विरळणीत आईजवळ बसून सगळं पाहिलं होतं, त्याने तोंडी गुणाकार करून उत्तर दिलं. त्या दिवसापासून त्याच्या बोलण्याला कुणी हसलं नाही. मधल्या सुट्टीत तो कबड्डीच्या संघात होता.

पुढे शिक्षण हमी पत्रकाची सोय झाली. मूल गाव सोडताना मूळ शाळेने ते द्यायचं आणि जिथे जाईल तिथल्या शाळेने ते पाहून दाखल करून घ्यायचं. पत्रक चांगलंच आहे, पण कागद आपण होऊन पालापर्यंत चालत जात नाही. आम्ही पेठ-सुरगाण्याच्या आणि निफाड-दिंडोरीच्या काही शिक्षकांनी एकमेकांचे फोन नंबर घेतले. तिकडून टोळी निघाली की निरोप यायचा, मुलं किती, कुठल्या इयत्तेतली. शिमग्याला ती परतताना आम्ही इकडून सांगायचो, याचा भागाकार राहिलाय, हिचं वाचन सुटलंय. या कामाला पैसे लागत नव्हते. मूल आपलं मानणारी दोन माणसं लागत होती, दोन्ही टोकांना एकेक.

१०. एक विनंती

मी निवृत्त झाले तरी हे काम संपलेलं नाही. ही विनंती शिक्षकांपेक्षा बागाईतदारांना, टोळीच्या मुकादमांना आणि त्या रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही आहे. येत्या दिवाळीनंतर तुमच्या किंवा शेजारच्या बागेत पाल पडलं, तर तिथे सहा ते चौदा वयाचं मूल आहे का ते बघा. असेल तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना त्याच दिवशी सांगा. त्या मुलाजवळ दाखला नसला, जन्माचा पुरावा नसला, वर्ष अर्धं उलटून गेलं असलं, तरी कायद्याने त्याला प्रवेश नाकारता येत नाही. वयाला साजेशा वर्गात बसण्याचा त्याला हक्क आहे. त्याच्या आईबापांना हे माहीत नसतं. तुम्ही त्यांना सांगा, आणि पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर जा.